हिशेबतपासणीचे यंत्र कोणाच्या हाती?

रिझर्व्ह बँकेने नेमलेल्या समितीने ऑगस्ट २०२५मध्ये वित्तक्षेत्रातील कृत्रिम बुद्धिमत्तेच्या वापराविषयीचा आपला अहवाल सादर केला. मुंबई आयआयटीचे प्राध्यापक पुष्पक भट्टाचार्य हे या समितीचे अध्यक्ष होते. अहवालात सात सूत्रे आणि सव्वीस शिफारशी आहेत. 'माणूस प्रथम' हे त्यांपैकी एक सूत्र आहे आणि 'निर्बंधापेक्षा नवनिर्मिती' हेही एक आहे. कागदावर ही दोन्ही सूत्रे शेजारी शेजारी नांदू शकतात. बँकेच्या कचेरीत आणि कारखान्याच्या हिशेबखात्यात मात्र त्यांपैकी कोणते वरचढ ठरेल, हे तेथे सत्ता कोणाच्या हाती आहे यावरच ठरणार आहे.

अंतर्गत हिशेबतपासणी आणि व्यवसायातील जोखमीचे मूल्यमापन हे विषय वरकरणी रुक्ष वाटतात. चळवळीतील कार्यकर्त्याने त्यात कशाला डोके घालावे, असा प्रश्न कोणी विचारील. परंतु नागरी सहकारी बँकेत आयुष्याची पुंजी ठेवणारा गिरणीकामगार, निवृत्त शिक्षक, भाजीविक्रेती यांचे भवितव्य त्या बँकेची हिशेबतपासणी कशी होते यावरच अवलंबून असते. देशातील सुमारे दीड हजार नागरी सहकारी बँकांपैकी जवळजवळ एक तृतीयांश एकट्या महाराष्ट्रात आहेत. बँकेच्या कर्मचाऱ्यावर संशयाचे बोट कोण रोखणार आणि कोणत्या आधारावर रोखणार, हाही प्रश्न याच विषयात येतो. म्हणून हा विषय केवळ सनदी हिशेबनिसांवर सोपवून चालणार नाही.

प्रथम यंत्राच्या पदरात त्याचे श्रेय टाकले पाहिजे. आजवरची हिशेबतपासणी नमुन्यावर चालत आली. वर्षभराच्या लाखो नोंदींतून काही शे नोंदी निवडायच्या, त्यांच्या पावत्या पडताळायच्या आणि त्यावरून साऱ्या खतावणीविषयी मत बनवायचे, ही तिची रीत. नव्या यंत्रणेला नमुन्याची गरज उरत नाही. ती सगळ्याच्या सगळ्या नोंदी चाळते. एकच बिल दोनदा चुकते झाले काय, पन्नास हजारांच्या मंजुरीची मर्यादा चुकवण्यासाठी एकाच खरेदीचे एकोणपन्नास हजारांचे तुकडे पाडले काय, पुरवठादाराचा आणि कंपनीतील एखाद्या अधिकाऱ्याचा बँकखाते क्रमांक एकच आहे काय, वर्षअखेरीच्या रात्री कोणी नोंदी फिरवल्या काय, हे ती काही मिनिटांत दाखवते. शेकडो पानांचे करारनामे वाचून त्यांतील विसंगती ती पुढे ठेवू शकते. हे काम माणसाने करायचे म्हटले तर महिनोन्‌महिने लागतील. त्याला विरोध करण्याचे समाजवाद्यांना काहीच कारण नाही. उलट सार्वजनिक पैशाचा प्रत्येक रुपया तपासला जावा, ही आपली जुनीच मागणी आहे.

परंतु यंत्राचे विक्रेते एवढ्यावर थांबत नाहीत. घोटाळे होतात ते तपासनिसाची नजर अपुरी पडते म्हणून, आणि नजर तीक्ष्ण झाली की घोटाळे थांबतील, असे ते सांगतात. हे निदान तपासून पाहिले पाहिजे, आणि त्यासाठी दूर जाण्याची गरज नाही. गेल्या काही वर्षांत मुंबईतच घडलेली तीन प्रकरणे पुरेशी आहेत.

पहिले पंजाब नॅशनल बँकेचे. फेब्रुवारी २०१८मध्ये या बँकेच्या फोर्ट भागातील ब्रॅडी हाऊस शाखेतील ११ हजार कोटी रुपयांहून अधिक रकमेचा घोटाळा जाहीर झाला. पुढे हा आकडा १३ हजार कोटींच्याही वर गेला. हिऱ्याच्या व्यापाऱ्यांसाठी परदेशी शाखांच्या नावे दिलेली हमीपत्रे 'स्विफ्ट' या संदेशयंत्रणेतून वर्षानुवर्षे पाठवली जात होती, आणि बँकेच्या मुख्य संगणकीय हिशेबात त्यांची नोंदच होत नव्हती. दोन्ही यंत्रणा एकमेकींना जोडलेल्या नव्हत्या. या गैरवापराच्या शक्यतेविषयी आपण ऑगस्ट २०१६पासून किमान तीन वेळा बँकांना सावध केले होते, असे रिझर्व्ह बँकेनेच नंतर जाहीर केले. म्हणजे जोखीम ठाऊक नव्हती असे नाही. ती ठाऊक असूनही दोन यंत्रणा जोडण्याचा खर्च आणि खटाटोप टाळला गेला. शेवटी घोटाळा उघडा पडला तो कसा? जानेवारी २०१८मध्ये त्या कंपन्यांची माणसे नव्या हमीसाठी शाखेत आली, तेव्हा तेथील कर्मचाऱ्यांनी शंभर टक्के रोख अनामत मागितली. आजवर आम्ही अनामतीवाचूनच हमी घेत आलो, असे उत्तर मिळाले; आणि शाखेच्या दप्तरात तर तशा हमीचा मागमूसही सापडेना. नियमाप्रमाणे विचारलेल्या एका प्रश्नाने सात वर्षांचे कारस्थान उलगडले.

दुसरे प्रकरण पंजाब अँड महाराष्ट्र सहकारी बँकेचे. २३ सप्टेंबर २०१९ रोजी रिझर्व्ह बँकेने या बँकेवर निर्बंध लादले आणि ठेवीदाराला आपल्या खात्यातून सहा महिन्यांत केवळ एक हजार रुपये काढता येतील, असे फर्मान निघाले. ही मर्यादा पुढे टप्प्याटप्प्याने वाढवली गेली, पण दरम्यानच्या काळात औषधपाण्यासाठी आणि मुलांच्या शिक्षणासाठी ठेवलेले पैसे गोठून बसले. बँकेच्या एकूण कर्जापैकी सुमारे ७३ टक्के कर्ज, म्हणजे ६,५०० कोटींहून अधिक रक्कम, एकाच बांधकाम समूहाला दिलेली होती. ती लपवण्यासाठी त्या समूहाच्या ४४ कर्जखात्यांच्या जागी २१,०४९ बनावट कर्जखाती दाखवण्यात आली होती. लहानसहान कर्जांची अशी लांबलचक यादी समोर आली की तपासनिसाचे समाधान व्हावे, हा त्यामागचा हिशेब होता. या प्रकाराला वाचा फोडण्यात बँकेतीलच काही कर्मचाऱ्यांचा वाटा होता, असे त्यावेळच्या वृत्तपत्रांनी नोंदवले आहे. जानेवारी २०२२मध्ये ही बँक एका लघुवित्त बँकेत विलीन झाली, आणि पाच लाखांहून मोठ्या ठेवी असणाऱ्यांच्या वाट्याला दहा वर्षांपर्यंतची प्रतीक्षा आली.

तिसरे अगदी अलीकडचे. फेब्रुवारी २०२५मध्ये न्यू इंडिया सहकारी बँकेवर निर्बंध आले. बँकेच्या प्रभादेवी आणि गोरेगाव येथील तिजोऱ्यांतील रोकड रिझर्व्ह बँकेच्या तपासनिसांनी मोजली, तेव्हा १२२ कोटी रुपये कमी भरले. हिशेबाच्या वहीत ती रोकड होती, तिजोरीत ती नव्हती. पुढे ऑगस्ट २०२५मध्ये ही बँक सारस्वत बँकेत विलीन करण्यात आली.

या तिन्ही ठिकाणी आजची अद्ययावत यंत्रणा असती तर काय झाले असते? पहिल्या प्रकरणात व्यवहार मुख्य हिशेबात नव्हताच, तेव्हा तो हिशेब वाचणाऱ्या यंत्राला तो दिसला नसता. एकवीस हजार बनावट खात्यांतील साचेबंदपणा यंत्राने कदाचित पकडलाही असता, पण तो इशारा ज्या व्यवस्थापनाच्या टेबलावर गेला असता, त्याच व्यवस्थापनाने ती खाती रचली होती. आणि तिजोरीतील नोटा यंत्र मोजत नाही. कोणीतरी कुलूप उघडून त्या मोजाव्या लागतात, आणि मोजू देण्याचा अधिकारही असावा लागतो. यंत्र वाचते ते त्याच्यापुढे ठेवलेले दप्तर. दप्तराबाहेर काय ठेवायचे हे ठरवणारा माणूस त्याच्या कक्षेबाहेरच राहतो. मोठी अफरातफर नेमकी तेथेच होते.

येथे प्रश्न नजरेचा राहत नाही, तो हिशेबतपासनिसाच्या स्थानाचा होतो. २०१३च्या कंपनी कायद्याच्या १३८व्या कलमाने विशिष्ट वर्गांतील कंपन्यांना अंतर्गत हिशेबतपासनीस नेमणे बंधनकारक केले आहे. परंतु त्याची नेमणूक संचालक मंडळ करते, आणि तो त्याच कंपनीचा पगारी नोकरही असू शकतो. सहकारी संस्थांचे चित्र फारसे निराळे नाही. महाराष्ट्रात २०१३च्या दुरुस्तीनंतर संस्थेचा हिशेबतपासनीस शासनमान्य नामतालिकेतून सर्वसाधारण सभेने नेमायचा असतो; नागरी बँकांच्या बाबतीत रिझर्व्ह बँकेची पूर्वमान्यताही लागते. कागदोपत्री हे लोकशाहीचे लक्षण आहे. ज्या सभेला पन्नास-शंभर सभासद हजर राहतात आणि अध्यक्षांनी सुचवलेले नाव टाळ्यांच्या गजरात मंजूर होते, तेथे ज्याची तपासणी व्हायची तोच तपासनीस निवडतो, एवढाच याचा अर्थ उरतो. अशा अवस्थेत त्याच्या हाती कितीही शक्तिमान यंत्र दिले तरी ते यंत्र कोणत्या दिशेला रोखायचे, हे वरूनच ठरणार.

ते खालच्याच दिशेला रोखले जाईल, ही भीती निराधार नाही. अमेरिकेतील वेल्स फार्गो या बलाढ्य बँकेचे उदाहरण पाहावे. ग्राहकांच्या परवानगीवाचून लाखो खाती उघडल्याबद्दल सप्टेंबर २०१६मध्ये या बँकेला साडेअठरा कोटी डॉलरचा दंड झाला. त्याआधीच्या काही वर्षांत बँकेने सुमारे ५,३०० कर्मचाऱ्यांना या गैरप्रकारासाठी कामावरून काढून टाकले होते. दररोज अमुक इतकी खाती उघडलीच पाहिजेत, हे अशक्यप्राय उद्दिष्ट ज्यांनी वरून लादले, त्यांच्यावर कारवाई व्हायला बराच काळ जावा लागला. बँकांवर देखरेख करणाऱ्या अमेरिकी शासकीय कार्यालयाने जानेवारी २०२०मध्ये ज्या माजी उच्चाधिकाऱ्यांवर ठपका ठेवला, त्यांत बँकेचा प्रमुख अंतर्गत हिशेबतपासनीसही होता. या बँकेत कृत्रिम बुद्धिमत्ता बसवली असती तर तिने काय पकडले असते? काउंटरवरील कारकुनाची बनावट नोंद तिने तत्काळ पकडली असती, कारण ती नोंद विसंगत होती. वरचे विक्रीचे उद्दिष्ट मात्र तिच्या लेखी विसंगत ठरले नसते, कारण ते साऱ्या बँकेला सारखेच लागू होते. सर्वमान्य झालेला अन्याय यंत्राला अपवाद म्हणून दिसत नाही, आणि यंत्र शोधते ते अपवादच.

आता जोखमीच्या गुणांकनाकडे वळू. रिझर्व्ह बँकेने फेब्रुवारी २०२१मध्ये मोठ्या बँकेतर वित्तसंस्था आणि ५०० कोटी व त्याहून अधिक मालमत्ता असलेल्या नागरी सहकारी बँका यांना जोखीमाधारित अंतर्गत हिशेबतपासणी लागू केली. जेथे जोखीम अधिक, तेथे तपासणी अधिक, हे तिचे तत्त्व योग्यच आहे. मात्र जोखीम कोठे अधिक, हे आता यंत्र सांगू लागणार आहे, आणि यंत्र हे शिकते गतकाळाच्या नोंदींवरून. ज्या शाखा पूर्वी वारंवार तपासल्या गेल्या, त्यांत चुका अधिक सापडल्या; चुका अधिक सापडल्या म्हणून यंत्र त्या शाखांना अधिक धोक्याच्या ठरवणार, त्यामुळे तेथे आणखी तपासणी होणार आणि आणखी चुका सापडणार. ज्या दालनाची तपासणी कधी झालीच नाही, ते यंत्राच्या लेखी निर्मळच राहणार. संचालकांच्या दालनाला हे गुणांकन किती सोयीचे आहे, हे निराळे सांगायला नको.

यात एक साधा अंकगणिती धोकाही आहे. समजा, एका बँकेत वर्षाला दहा लाख नोंदी होतात आणि त्यांपैकी १०० खोट्या आहेत. यंत्र इतके चांगले आहे की शंभर खोट्या नोंदींपैकी ९९ पकडते आणि खऱ्या नोंदींपैकी केवळ एक टक्का चुकीने संशयित ठरवते. विक्रेता अशा यंत्राला नव्व्याण्णव टक्के अचूक म्हणेल. परंतु खऱ्या नोंदी ९,९९,९०० असल्याने त्यांचा एक टक्का म्हणजे ९,९९९ नोंदी विनाकारण संशयित ठरतील. एकूण संशयितांत खरे दोषी शंभरात जेमतेम एक. उरलेल्या नव्व्याण्णव नोंदींमागे कोणी कारकून, कोणी रोखपाल, कोणी शिपाई उभा असेल. त्याचे ऐकून घेतले जाईल की यंत्राचा शेरा हाच पुरावा मानला जाईल, यावर त्याची नोकरी आणि अब्रू अवलंबून राहील.

खाजगी उद्योगातील असे गुणांकन कंपनीच्या चार भिंतींत राहते, म्हणून त्याचे परिणाम सहसा बाहेर येत नाहीत. शासनांनी हेच तंत्र नागरिकांवर वापरले, तेव्हा ते जगापुढे आले. नेदरलँड्सच्या करखात्याने बालसंगोपन भत्त्याच्या अर्जांना जोखमीचे गुण देणारी स्वयंशिक्षित यंत्रणा वापरली. अर्जदाराचे राष्ट्रीयत्व हाही तीत एक निकष होता. या भत्त्याच्या वसुलीत हजारो निरपराध कुटुंबांवर लबाडीचा शिक्का बसला, त्यांच्याकडून हजारो युरो परत मागण्यात आले, कित्येक संसार कर्जात बुडाले. जानेवारी २०२१मध्ये तेथील सरकारला याच प्रकरणी राजीनामा द्यावा लागला. आपल्याकडे तेलंगणात २०१४ ते २०१९ या काळात १८ लाखांहून अधिक शिधापत्रिका रद्द झाल्या. त्यामागे निरनिराळ्या शासकीय नोंदी एकत्र जुळवणारी संगणकीय यंत्रणा होती. रद्द झालेल्या पत्रिकांची प्रत्यक्ष घरोघर जाऊन फेरतपासणी करावी, असा आदेश एप्रिल २०२२मध्ये सर्वोच्च न्यायालयाला द्यावा लागला. संशय घेणे यंत्रावर सोपवले आणि संशयिताची बाजू ऐकण्याची जबाबदारी कोणावरच ठेवली नाही, तर काय होते याचा हा धडा आहे.

जबाबदारीचा हा प्रश्न सल्लागार कंपन्यांनाही लागू आहे. जगातील चार बड्या हिशेबतपासणी कंपन्यांपैकी एक असलेल्या डेलॉइटने ऑस्ट्रेलियाच्या शासनाला दिलेल्या एका अहवालात अस्तित्वातच नसलेले संदर्भ निघाले. अहवालाच्या कामात कृत्रिम बुद्धिमत्तेचा वापर झाल्याचे कंपनीला मान्य करावे लागले, आणि सुमारे ४ लाख ४० हजार ऑस्ट्रेलियन डॉलरच्या मोबदल्यापैकी काही भाग परत करण्याचे तिने ऑक्टोबर २०२५मध्ये कबूल केले. इतरांचे हिशेब प्रमाणित करणाऱ्यांची ही अवस्था असेल, तर 'यंत्राने तपासले आहे' या शेऱ्याला ठेवीदाराने किती किंमत द्यावी? ताळेबंदाखाली सही करणारा माणूस न्यायालयात उभा करता येतो. यंत्राला उभे करता येत नाही.

मग यंत्र नकोच म्हणायचे काय? कामगार चळवळीच्या अनुभवात याचे उत्तर आहे. बँकांत संगणक येऊ लागले तेव्हा बँक कर्मचाऱ्यांच्या संघटनांनी प्रखर लढा दिला, आणि १९८३मध्ये इंडियन बँक्स असोसिएशनशी त्यांचा यांत्रिकीकरणाविषयी करार झाला. पुढे संगणक आलेच, पण ते कोणत्या अटींवर यावेत याविषयी कामगारांशी बोलावे लागते, हे तत्त्व त्या कराराने प्रस्थापित केले. जर्मनीत १९७२च्या कायद्याच्या ८७व्या कलमाने कामगारांच्या वर्तनावर नजर ठेवू शकणारी कोणतीही तांत्रिक यंत्रणा बसवण्यापूर्वी कामगार परिषदेची संमती आवश्यक केली आहे. २०२१च्या दुरुस्तीने तर कृत्रिम बुद्धिमत्तेची छाननी करण्यासाठी तज्ज्ञ बोलावण्याचा परिषदेचा हक्कही मान्य केला. एका भांडवलशाही देशात जे शक्य झाले, ते आपल्या घटनेत समाजवादी म्हणवणाऱ्या देशात अशक्य का ठरावे?

म्हणून मागण्या स्पष्ट असल्या पाहिजेत. अंतर्गत हिशेबतपासणीत वापरले जाणारे प्रत्येक यंत्र कोणत्या माहितीवर शिकले, कोणते निकष लावते आणि किती वेळा चुकते, याची स्वतंत्र तपासणी व्हावी व तिचा निष्कर्ष ठेवीदारांपुढे आणि कर्मचारी संघटनांपुढे ठेवला जावा. केवळ यंत्राच्या शेऱ्यावरून कोणत्याही कर्मचाऱ्यावर कारवाई होऊ नये. यंत्राने दिलेला प्रत्येक गंभीर इशारा, तो व्यवस्थापनाने निकालात काढला असला तरीही, नियामकाच्या दप्तरी आपोआप पोहोचावा, म्हणजे तो दडपणाऱ्याचे नाव मागे राहील. मोठी कर्जे, संचालकांचे हितसंबंध आणि निर्लेखित केलेली थकबाकी यांच्यावर यंत्राची पहिली नजर असावी. आतली गोष्ट बाहेर सांगणाऱ्या कर्मचाऱ्याला संरक्षण मिळावे. आणि १९७०च्या बँक राष्ट्रीयीकरण कायद्याने संचालक मंडळावर कर्मचाऱ्यांच्या प्रतिनिधीसाठी राखलेली जी जागा अनेक बँकांत वर्षानुवर्षे रिकामी ठेवण्यात आली, ती भरली जावी. इशारा वाचणाऱ्यांत कामगार नसेल, तर इशाऱ्याचा उपयोग काय?

या मागण्या दिल्लीपर्यंत जाईपर्यंत स्वस्थ बसण्याचे मात्र कारण नाही. दरवर्षी सप्टेंबरअखेरपर्यंत सहकारी बँकांच्या आणि पतसंस्थांच्या सर्वसाधारण सभा भरतात. आपले असंख्य कार्यकर्ते आणि सहानुभूतीदार त्यांचे सभासद आहेत. अहवालाची छापील पुस्तिका घेऊन चहापानानंतर घरी परतण्याची सवय आता मोडली पाहिजे. यंदाच्या सभेत प्रत्येकाने उठून चार प्रश्न विचारावेत. हिशेबतपासनीस कोणी सुचवला? सर्वांत मोठी दहा कर्जे कोणाकडे आहेत? तिजोरीतील रोकड शेवटची कोणी आणि केव्हा मोजली? आणि तपासणीसाठी यंत्र आणले असेल, तर त्याचे इशारे कोणाच्या टेबलावर जातात? या प्रश्नांची उत्तरे इतिवृत्तात नोंदवून घ्यावीत. ब्रॅडी हाऊसमध्ये एका साध्या प्रश्नाने जे काम केले, ते काम असे शेकडो प्रश्न गावोगावी वेळेवर विचारले गेले तर पुढच्या ठेवीदाराला एक हजार रुपयांसाठी रांगेत उभे राहावे लागणार नाही.